शेवटच्या रांगेतील शंका

मुलांनो, वर्गात गुरुजी प्रश्न विचारतात आणि भराभर हात वर होतात, हे दृश्य तुमच्या नित्य परिचयाचे आहे. ज्याला उत्तर येते तो ते सांगतो, गुरुजी 'शाबास' म्हणतात आणि धडा पुढे सरकतो. परंतु अशा वेळी एखादा हात अर्धाच वर येतो आणि पुन्हा खाली जातो. त्या हाताकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सारे आयुष्य शिकवण्यात घालवल्यावर मला असे वाटते, की वर्गातील सर्वांत मोलाची गोष्ट पुष्कळदा त्या अर्ध्या वर आलेल्या हातापाशी असते. हे मला कसे कळले, त्याची हकीकत आज तुम्हांला सांगतो.

ही गोष्ट १९९२ सालच्या जानेवारी महिन्यातील. मी तेव्हा एका खेड्यातील शाळेत सातवीच्या वर्गाला मराठी शिकवत होतो. भूगोलाचे शिक्षक रजेवर गेल्यामुळे त्यांचा तासही माझ्याकडे आला होता. थंडी कडाक्याची होती. मुले कानटोप्या घालून आणि हात काखेत दडवून बसली होती. ऋतूंचा पाठ चालू होता. मी विचारले, "उन्हाळ्यात उकाडा का होतो?"

पहिल्या रांगेतील एक मुलगा तत्काळ उभा राहिला. परीक्षेत तो नेहमी पहिला येत असे. तो म्हणाला, "गुरुजी, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, म्हणून उकाडा होतो. हिवाळ्यात ती दूर जाते, म्हणून थंडी पडते. शेकोटीजवळ बसले की ऊब लागते आणि दूर सरकले की गारठा वाटतो, तसेच हे आहे."

उत्तर ठाशीव होते आणि दृष्टांतही चपखल होता. "हे कोणाकोणाला पटते?" असे मी विचारताच जवळजवळ सगळे हात वर झाले. खरे सांगायचे तर माझाही समज तोच होता.

शेवटच्या रांगेतील एका मुलाचा हात मात्र अर्धाच वर येऊन खाली गेला. तो स्वभावाने अबोल होता. मी त्याला उभे केले आणि विचारले, "तुला हे पटत नाही का?"

"पटते, गुरुजी. पण..."

"पण काय?"

तो गोंधळला. त्याला शब्द सापडेनात. काही क्षण तसेच गेले. कोणीतरी फिसकन हसले आणि मग सारा वर्ग हसू लागला. तास संपत आला होता. मी त्याला "बैस" म्हटले आणि पहिल्या मुलाचे उत्तर फळ्यावर लिहून मोकळा झालो.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर तो मुलगा पडवीच्या खांबाशी घुटमळत उभा राहिलेला मला दिसला. मी जवळ बोलावले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "गुरुजी, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार."

"आपला क्रिकेटचा संघ सध्या ऑस्ट्रेलियात खेळतो आहे ना? माझे चुलते पहाटे उठून रेडिओवर ते ऐकतात. तिकडे ऊन कडक आहे, उन्हाळा चालू आहे, असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे तर थंडीने हात वळत नाहीत. पृथ्वी एकच आहे, गुरुजी. मग या घडीला ती सूर्याच्या जवळ आहे की दूर?"

मुलांनो, मी निरुत्तर झालो. दोन ओळींच्या त्या प्रश्नाने फळ्यावरचे उत्तर मुळापासून हलवले होते. त्या रात्री मी भूगोलाची पुस्तके काढून बसलो, तेव्हा माझा समज चुकीचा असल्याचे मला कळून आले. पण त्याहून दुसरीच गोष्ट मला अधिक लागली. ज्या मुलाने खरा विचार केला होता, त्यालाच मी खाली बसवले होते. फळ्यावरचे चुकीचे उत्तर ओल्या फडक्याने पुसता येते. वर्गाच्या हसण्याने एखाद्याच्या मनात बसलेली भीती तितक्या सहज पुसता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्याबरोबर मी म्हणालो, "काल मी एक उत्तर न तपासता फळ्यावर लिहिले, आणि ज्याला शंका होती त्याचे ऐकून घेतले नाही. या दोन्ही चुका माझ्या आहेत. आज त्या दुरुस्त करू." मग त्या मुलाला मी त्याची शंका सर्वांसमोर मांडायला सांगितली. या वेळी मात्र तो अडखळला नाही.

खरे उत्तर आता मला ठाऊक होते. ते सांगून टाकले असते, तर पाच मिनिटांत काम झाले असते. परंतु तसे केले असते, तर मुलांनी एक उत्तर पुसून तेथे दुसरे लिहिले असते, एवढेच. म्हणून मी गप्प राहण्याचे ठरवले आणि म्हटले, "आता तुम्हीच यावर चर्चा करा."

चर्चा कशी करावी हे मात्र मी मुलांना कधी शिकवलेच नव्हते. क्षणार्धात गलका झाला. पहिल्या रांगेतील मुलगा तावातावाने म्हणाला, "रेडिओवरच्या ऐकीव गोष्टी कशाला सांगतोस? माझे उत्तर बरोबर आहे." दुसरा ओरडला, "हा तर नेहमीच स्वतःला शहाणा समजतो!" तिसऱ्याला धड हेही पटेना आणि तेही पटेना, स्वतःचे मत मात्र त्याच्यापाशी काहीच नव्हते. मी हात वर करून सर्वांना थांबवले आणि फळ्यावर तीन शब्द लिहिले: वाद, जल्प, वितंडा.

मी म्हणालो, "आज भूगोलाच्या तासाला थोडे मराठी शिकू. 'वितंडवाद' हा शब्द तुम्ही घरी ऐकला असेल. तो फार जुन्या घराण्यातला आहे. आपल्या देशातील न्यायशास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतमांची न्यायसूत्रे. त्यांत बोलाचालीचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते शोधण्यासाठी दोघे मिळून जी चर्चा करतात, तो वाद. आज आपण वाद म्हणजे भांडण समजतो, पण शास्त्रात तो सर्वांत चांगला प्रकार मानला आहे. काहीही करून आपणच जिंकावे म्हणून जे बोलणे होते, तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे म्हणणे खोडत राहणे, ती वितंडा. आता सांगा, गेल्या पाच मिनिटांत आपल्या वर्गात यांपैकी काय चालले होते?"

मुले एकमेकांकडे पाहून हसली. "जल्प, गुरुजी," एक जण म्हणाला. "आणि थोडी वितंडासुद्धा," मागून आवाज आला.

"मग आता वाद करू. आपल्या जुन्या शास्त्रकारांची एक चांगली रीत होती. ते स्वतःचे मत मांडण्यापूर्वी दुसऱ्याचे मत मांडत. त्याला ते पूर्वपक्ष म्हणत. आपणही तसेच करू. ज्याला उत्तर द्यावयाचे असेल, त्याने आधी दुसऱ्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगावे. 'होय, मला हेच म्हणावयाचे होते,' असे त्या दुसऱ्याने कबूल केले, म्हणजेच पुढे बोलावे. शिवाय प्रश्न ऐकल्यावर मनातल्या मनात वीस आकडे मोजल्याखेरीज कोणी हात वर करू नये. आणि 'तू चुकतोस' असे न म्हणता 'हे म्हणणे मला अमुक कारणासाठी पटत नाही' असे म्हणावे."

पहिली पाळी पहिल्या रांगेतील मुलाचीच आली. तो म्हणाला, "याचे म्हणणे असे, की पृथ्वी सूर्याच्या जवळ जातच नाही."

"नाही," शेवटच्या रांगेतील मुलगा म्हणाला. "ती जाते की नाही, हे मला ठाऊक नाही. एकाच वेळी पृथ्वीवर दोन ठिकाणी दोन निराळे ऋतू कसे, एवढेच मला विचारावयाचे आहे."

पहिल्या मुलाने पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्याची शंका त्याने या वेळी नीट मांडली आणि मांडता मांडताच तो थबकला. शंका ऐकताना जे त्याच्या ध्यानात आले नव्हते, ते ती स्वतःच्या तोंडाने उच्चारताना आले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "याला माझ्या उत्तरातून उत्तर मिळत नाही."

आता वर्ग खराखुरा विचार करू लागला. एका मुलीने सुचवले, "पृथ्वी कललेली आहे. तेव्हा सध्या दक्षिणेकडचा भाग सूर्याकडे झुकला असेल. तो भाग सूर्याच्या अधिक जवळ आला, म्हणून तिकडे उन्हाळा असेल."

ही कल्पना पुष्कळांना आवडली. पाटीवर हिशेब करणारी दुसरी एक मुलगी मात्र उभी राहिली. तिने आधी पहिलीचे म्हणणे नेमके सांगितले आणि मग ती म्हणाली, "पृथ्वी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे १२,७०० किलोमीटर आहे. सूर्य मात्र सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. म्हणजे पृथ्वीची सबंध जाडी त्या अंतराचा जेमतेम बारा हजारांवा भाग भरते, असे म्हटले तरी चालेल. शेकोटी एक किलोमीटर दूर असली आणि मी तिच्याकडे चार बोटे सरकले, तर मला जास्त ऊब लागेल का?"

वर्ग हसला, पण हे हसणे कालच्या हसण्यासारखे नव्हते. पहिली मुलगीही हसली आणि म्हणाली, "नाही लागणार. पण झुकण्यामुळे काहीतरी होत असले पाहिजे. ते शोधू या." मुलांनो, या वाक्याकडे लक्ष द्या. तिने चुकलेला भाग सोडून दिला आणि उपयोगी भाग हातचा जाऊ दिला नाही.

तेवढ्यात आतापर्यंत एकदाही न बोललेला एक मुलगा उठला. तो रात्री वडिलांबरोबर गव्हाला पाणी द्यायला शेतावर जात असे. तो म्हणाला, "गुरुजी, बॅटरी पायाशी सरळ खाली धरली, तर उजेडाचे लहान आणि लख्ख वर्तुळ पडते. तीच तिरपी धरली, तर उजेड लांबवर पसरतो, पण मंद होतो. सूर्याचेही तसेच असेल का?"

मधल्या सुटीत तो घरी धावत जाऊन बॅटरी घेऊन आला. आम्ही खिडक्या लावून घेतल्या. बॅटरी फळ्यासमोर सरळ धरून उजेडाच्या कडेने खडूने रेघ ओढली, तेव्हा लहान वर्तुळ उमटले. मग तेवढ्याच अंतरावरून ती तिरपी धरून पुन्हा रेघ ओढली; या वेळी मोठा लांबट आकार उमटला. बॅटरी तीच, उजेडही तेवढाच, परंतु तो अधिक जागेवर वाटला गेल्यामुळे मंद झाला होता. आता कोणाला काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही. पृथ्वीचा जो भाग सूर्याकडे झुकलेला असतो, तेथे किरण अधिक सरळ पडतात आणि तो भाग अधिक तापतो. जो भाग सूर्याकडून पलीकडे झुकलेला असतो, तेथे किरण तिरपे पडतात. "आणि दिवसही लहान असतो," पाटीवरची मुलगी म्हणाली. तेही बरोबरच होते. आपल्या महाराष्ट्रात डिसेंबरअखेर दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनअखेर तो सुमारे १३ तासांचा होतो.

सर्वांत शेवटी मी बोललो. मी सांगितले, की पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि ऋतूंचे मूळ या कलण्यात आहे. मग आणखी एक गोष्ट सांगितली. पृथ्वी सूर्यापासून वर्षभर सारख्या अंतरावर नसते, हे खरे आहे. पण ती सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर येते, ती जानेवारीच्या आरंभी. आणि सर्वांत दूर, म्हणजे सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर जाते, ती जुलैच्या आरंभी. कानटोप्या घातलेली ती मुले आश्चर्याने एकमेकांकडे पाहू लागली.

मग पहिल्या रांगेतील तो मुलगा उभा राहिला. कोणी त्याला उठवले नव्हते. तो म्हणाला, "गुरुजी, माझे कालचे उत्तर चुकले होते. याने शंका काढली नसती, तर ते मला कधीच कळले नसते. काल मीही याला हसलो होतो." एवढे बोलून तो खाली बसला. वर्ग शांत होता. त्या वर्षीच्या परीक्षेत कोणाला किती गुण मिळाले, ते मला आज आठवत नाही. परंतु ती शांतता अजून आठवते. चूक कबूल केल्याने त्या मुलाचे मोठेपण तसूभरही उणे झाले नाही. उलट ते वाढले.

मुलांनो, या हकीकतीवरून एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. पहिल्या दिवशी वर्गातील जवळजवळ सर्व हात एका बाजूला होते, तरीही ते उत्तर चुकीचे होते. पृथ्वी कशी फिरते, हे हात मोजून ठरत नाही; ते पुराव्याने ठरते. काही प्रश्न मात्र निराळे असतात. गावाने काय करावे, देशाने कोणत्या नियमांनी चालावे, हे लोकांनाच ठरवावे लागते आणि तेथे हात मोजावे लागतात. परंतु हात मोजण्यापूर्वी एकमेकांचे म्हणणे ऐकावे लागते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

आपल्या देशाची राज्यघटना अशाच ऐकण्यातून सिद्ध झाली. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी सभेने घटना स्वीकारली. घटनेच्या मसुद्यात बदल करण्यासाठी सभासदांनी सुमारे ७,६३५ सूचना दिल्या होत्या. त्यांपैकी २,४७३ सूचना सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकट्या मसुद्याच्या विचारासाठी ११४ दिवस खर्च झाले. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना एकेका कलमावरील आक्षेप ऐकून घ्यावे लागत आणि त्यांना उत्तरे द्यावी लागत. असे असूनही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी आपल्या अखेरच्या भाषणात त्यांनी आक्षेप घेणाऱ्या सभासदांचे आभार मानले. त्यांत विदर्भातील डॉ. पंजाबराव देशमुख यांचेही नाव होते. सर्वांनी मुकाट्याने माना डोलावल्या असत्या, तर सभेचे काम नीरस झाले असते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. आपल्या विद्वत्तेने साऱ्या सभेला थक्क करणारा पुरुष विरोध करणाऱ्यांचे ऋण मानतो, यातच त्याचा थोरपणा आहे.

तुमचा वर्ग ही एक लहानशी सभाच आहे. तेथे तुम्हांला पुष्कळ बोलता आले पाहिजे. त्याहून अधिक ऐकता आले पाहिजे. जे बोलके आहेत, त्यांनी क्षणभर थांबावे. जे अबोल आहेत, त्यांनी अडखळत का होईना, मनातील शंका बोलून दाखवावी. आणि कोणी अडखळला, तर इतरांनी त्याला हसू नये. कदाचित तो त्या वेळी आपल्या सर्वांच्या वतीने विचार करत असेल. उद्या वर्गात चर्चा सुरू होईल, तेव्हा उत्तर देण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. शेवटच्या रांगेत एखादा हात अर्धाच वर आलेला असेल. तो पूर्ण वर यावा, असे वातावरण निर्माण करणे तुमच्याच हाती आहे.

शब्दार्थ

ठाशीव – ठाम, ठसठशीत
दृष्टांत – उदाहरण, दाखला
चपखल – अगदी नेमका बसणारा
पडवी – घराच्या किंवा शाळेच्या पुढील छप्पर असलेली जागा
पूर्वपक्ष – चर्चेत प्रथम मांडलेले, दुसऱ्याचे मत
आस – ज्याभोवती पृथ्वी फिरते ती कल्पित रेषा
तसूभरही – थोडेसुद्धा
मसुदा – कच्चा आराखडा

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शेवटच्या रांगेतील मुलाच्या मनात कोणती शंका होती?
(आ) वाद, जल्प आणि वितंडा यांत काय फरक आहे?
(इ) पाटीवर हिशेब करणाऱ्या मुलीने कोणता दाखला दिला? तो देण्यापूर्वी तिने काय केले?
(ई) पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तेव्हा आपल्याकडे कोणता ऋतू असतो?

२. कारणे सांगा.
(अ) खरे उत्तर ठाऊक असूनही गुरुजी गप्प राहिले.
(आ) पहिल्या रांगेतील मुलगा दुसऱ्याची शंका मांडता मांडता थबकला.
(इ) बॅटरी तिरपी धरल्यावर उजेड मंद झाला.

३. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.
निरुत्तर होणे, तावातावाने बोलणे, ध्यानात येणे, माना डोलावणे.

४. विचार करा व लिहा.
"हात मोजून सत्य ठरत नाही, परंतु काही प्रश्नांत हात मोजावे लागतात." या दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची प्रत्येकी दोन उदाहरणे तुमच्या अनुभवातून द्या.

५. उपक्रम
'शाळेच्या मैदानावर मधल्या सुटीत कोणत्या वर्गाने केव्हा खेळावे?' या विषयावर वर्गात चर्चा करा. प्रत्येकाने आधी दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल असे सांगावे आणि मगच स्वतःचे मत मांडावे. चर्चेच्या शेवटी ज्यांचे मत बदलले, त्यांनी ते कशामुळे बदलले, हे वहीत लिहावे.